आण्णांच्या शहाण्णव गुंजा

माझ्या वडिलांनी मला कुरिअरने विष पाठवलं होतं.

मीच मागितलं होतं.

आज आण्णांना जाऊन वर्ष झालं. विट्याच्या घरी वर्षश्राद्ध झालं, जेवणं उरकली आणि मी वरच्या खोलीत येऊन हे लिहितेय. काय लिहायचं ते मलाच नीट कळत नाहीये. सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुंजेच्या बीमध्ये एक विषारी प्रोटीन असतं. मी त्याच्या स्ट्रक्चरवर काम करते.

त्याला दोन साखळ्या असतात. एक आपल्या पेशीला बाहेरून चिकटते आणि दुसरीला आत पोचवते. आत गेल्यावर दोघींमधला जोड तुटतो. मग ती सुटी झालेली दुसरी, पेशीचं प्रोटीन बनवायचं कामच बंद पाडते.

त्यातला कुठला अणू नेमका कुठे बसलाय, हे शोधण्यात माझी पाच वर्षं गेली.

आण्णा गलाईवाले. कोइमतूरला तीस वर्षं दुकान. जुनं सोनं आटवायचं, शुद्ध करायचं. थकल्यावर विट्याला परत आले. मी काय करते असं कुणी विचारलं की म्हणायचे, "गुंजंच्या आतलं बघती ती."

चार वर्षांपूर्वी लॅबमध्ये बिया कमी पडल्या तेव्हा मी त्यांना फोन केला.

"आण्णा, पन्नासेक गुंजा मिळतील का तिकडं?"

"कसल्या पायजेत?"

"कसल्याही चालतील."

"कसल्याबी कशा चालतील गं? प्रयोग हाय न्हवं?"

आठवड्याभरात पार्सल आलं. बीपीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, आत कापूस, कापसात गुंजा. मोजल्या तर शहाण्णव. सगळ्या एका मापाच्या, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या.

मला हसू आलं. म्हटलं, रिटायर माणूस, बसले असतील निवडत. सगळ्या लॅबला कौतुकाने दाखवल्या.

मग फोडल्या. एकूण एक.

क्रिस्टल आले ते त्यातूनच. माझ्या प्रोफाइलवर ते रंगीत भेंडोळं दिसतं ना, ज्याला तुम्ही सगळे नूडल्स म्हणून चिडवता, ते त्याच गुंजांमधलं प्रोटीन आहे.

आज दुपारी जेवणानंतर बापूकाका, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, पान लावत बसले होते. सहज म्हणाले, "पोरी, आज्ज्याच्या गुंजा नीट ठिवल्यास न्हवं?"

"कुठल्या, काका?"

"आगं त्या शाण्णव. तोळ्याच्या."

शहाण्णव गुंजा म्हणजे एक तोळा. गलाईवाल्याच्या पोरीला हे माहीत नव्हतं. मी ग्रॅममध्ये वाढले.

आजोबांनी पोतंभर गुंजांमधून एकेक काट्यावर घालून त्या जमवल्या होत्या. पुढे पितळी वजनं आली, मग डिजिटल काटे आले, पण त्या गुंजा आण्णा कोइमतूरलाही घेऊन गेले आणि येताना परत घेऊन आले.

"माज्या पोरानं दुकान घातलं तवा मागितल्या हुत्या," काका म्हणाले. "दादानं न्हाई दिल्या. म्हनला, त्या माज्या पोरीच्या हाईत."

मी म्हणाले, "फोडल्या, काका."

"काय?"

"सगळ्या फोडल्या. प्रयोगाला."

 काकांनी लावलेलं पान तसंच ताटात ठेवलं आणि बाहेर गेले.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. माझं आणि आण्णांचं फोनवर एक बोलणं झालं होतं. शब्द न् शब्द आठवतो.

"गुंजा तर आमी ल्हानपणी तोंडात धरून हिंडायचो. मेलो का?"

"टरफल लय घट्ट असतं, आण्णा. फुटलं नाही म्हणून वाचलात."

"म्हंजी तुला फोडाव्याच लागत्यात."

"व्हय. सगळ्या."

 "बरं. जेवलीस का?"

हे बोलणं पार्सलच्या आधीचं की नंतरचं?

आधीचं असेल तर आण्णांनी जाणूनबुजून दिल्या. नंतरचं असेल तर मी त्यांना, भाजीचा भाव सांगावा तसं, सांगून टाकलं की तुमच्या वडिलांच्या गुंजा मी फोडल्या. आणि ते "जेवलीस का" म्हणाले.

मला आठवत नाही. खरंच नाही. तो फोन कधीच बदलला. मेसेज, तारीख, काही उरलेलं नाही. दुपारपासून डोकं धरून बसलेय.

शेवटी आईला विचारलं. तिने कपाटातून त्या गुंजांची पितळी डबी काढून दिली. रिकामी.

"ठेवायला दिल्या असत्या तर डबीसकट दिल्या असत्या त्येंनी," आई म्हणाली.

मला इतकं हलकं वाटलं की मी रडायलाच लागले.

मग डबीचं झाकण लावत तीच म्हणाली, "पर नंतर लय दिस कपाट उघडायचे, डबी बघायचे आन् परत ठेवायचे."

"म्हणजे आई, नक्की काय? चाललं होतं त्यांना, का नव्हतं?"

"मला काय ठावं? त्येंनाच इचारायचं हुतंस."

विचारायला तीन वर्षं होती, आण्णा. तुम्ही जेवलीस का म्हणालात आणि मी जेवले म्हणून फोन ठेवला.

चुकलं असेल तर पदरात घ्या. नमस्कार करते.