बांधलेला हात

गल्लीत तिला सगळे टाकेबाई म्हणत. तिची तुरपाई इतकी बारीक, की कपडा उलटा करून पाहिला तरी टाका सापडायचा नाही. चाळिशी उलटल्यावर एका सकाळी ती दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर.

"आता हातावर हात धरून बस," नवरा म्हणाला.

"एकच तर उरलाय. कशावर धरू?"

तिसऱ्या दिवशी तिला बसवेना. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांखाली शर्टाची पट्टी दाबली आणि सुई डाव्या हातात घेतली. म्हटलं, बघू तरी. हात सावकाश चालला, पण अडखळला नाही. दोन काजं झाली, चार झाली. जुन्या शर्टाशेजारी नवा ठेवून तिने नवऱ्याला विचारलं, "यातलं डाव्या हाताचं काज कुठलं?" त्याने चष्मा लावून नीट पाहिलं आणि नेमकं जुनं दाखवलं.

दुपारी ती आईकडे गेली. आई मटार सोलत होती.

"मी लहानपणी डावखुरी होते का गं?"

"होतीस की. डाव्या हाताला फडकं बांधून ठेवायचो. दोन वर्षं."

"कशाला?"

"धर्मगुरू म्हणाले, डाव्या हाताने दिलेलं देव घेत नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वही बरबटवते. तुझी आत्या म्हणाली, हिला करून कोण घेणार? तिघांपुढे मी एकटी काय बोलणार?" आईने एक शेंग उगाचच दोनदा चाचपली. "मधे तू तोतरं बोलायला लागली होतीस. मग गेलं ते."

टाकेबाईला राग यायला हवा होता. पण तिच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळू लागला. आपल्यात जन्माचं किती आणि लोकांनी शिवलेलं किती? माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे ती न सांगता रीळ फेकू लागली. अचानक अंगावर आलेली वस्तू माणूस शिकवलेल्या हाताने झेलत नाही, असा तिचा कयास. उजव्या हाताने सही करणारा पोस्टमन डाव्याने झेलून गेला. औषधवालीही तशीच निघाली.

मग म्हातारे धर्मगुरू झग्याची उसवलेली बाही घेऊन आले. तिने रीळ फेकलं. त्यांनी ते झेललं, आणि मग आपल्या डाव्या मुठीकडे बघतच राहिले.

"माझ्या आईला तुम्हीच सांगितलं होतं ना?" तिने हळूच विचारलं.

"मला माझ्या गुरूंनी सांगितलं. छडीने." ते स्टुलावर टेकले. "एवढं सोसलं ते फुकट होतं, असं कसं मानू? म्हणून मीही सांगत आलो."

"पण देव खरंच घेत नाही?"

"पन्नास वर्षं उजव्याने देतोय, बाई. त्याने तेही घेतलं की नाही, अजून कळलेलं नाही."

त्या दिवशी तिने बाही शिवून दिली, पण त्यांच्याकडून शिलाईचे पैसे घेतले नाहीत.

प्लास्टर निघालं तरी सुई डावीकडेच राहिली. एकदा घरी कुणी नसताना तिने चमचाही डाव्या हातात धरून पाहिला. घास तोंडापर्यंत गेला, पण तिला इतकी लाज वाटली की तो गिळवेना. हात तर आता कुणीच बांधलेला नव्हता.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला ते सांगितलं.

"जित्याची खोड," तो म्हणाला.

"हो, पण ही खोड कुणाची? माझी की त्यांची?"

त्याने स्वतःची खोड तपासायला डाव्या हातात चमचा धरून बघितला, आणि दोघंही हसली.