गोदाकाठचा शूरवीर आणि काशिनाथमामा

हयात होते तोवर काशिनाथमामा रोज सकाळी गेवराईच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बसून वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचत आणि नाक मुरडत. "'अल्पशा आजाराने निधन!' अल्पसाच आजार व्हता, तर मेला कावून?" शेजारी चहा पिणारा मयताचा नातेवाईक निघाला, तरी त्यांना पर्वा नसे.

सरकारी दवाखान्याच्या शवविच्छेदनाच्या खोलीत त्यांनी मदतनीस म्हणून सारी नोकरी काढली. नवे डॉक्टर बिचकले, की सुरी मामांच्या हातात येई. निवृत्तीनंतर त्या हातांना काम उरलं नाही, जिभेला मात्र उरलं.

दोन वर्षांपूर्वी गोदावरीच्या काठी यंत्राने वाळू उपसताना दरडीतून एक सांगाडा निघाला. सोबत मातीची जुनाट भांडी होती, म्हणजे माणूस फार प्राचीन. कवटीला बोटभर भोक होतं. वाळूचा धंदा आबांचा आणि आबा गावचे पुढारी. त्यांनी जागेवरच जाहीर केलं, की हा भाला लागून पडलेला शूरवीर आहे आणि इथे त्याचं स्मारक होणार.

मी शाळेत इतिहास शिकवतो. "काय सर, भालाच ना?" आबांनी विचारलं. शाळा त्यांच्याच संस्थेची. मी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत फलक लागला. त्यावर फेटा बांधलेला, झुपकेदार मिशांचा शूरवीर होता आणि शेजारी हात जोडलेले आबा.

दुसऱ्या दिवशी मामा आले. कवटीपाशी उकिडवे बसले आणि हात न लावता भोकाची कड न्याहाळून हसले.

"भाला कोण म्हणतं?"

"सर म्हणतात," आबा म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या तुच्छतेने माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"सर, समदी कवटी मातीवानी तपकिरी, आन् भोकाची कड पांढरी फटक. जुनी जखम असती तर कड बी तपकिरी पडली असती. हे भोक आत्ताचं हाय. आबा, तुमचा शूरवीर तुमच्याच यंत्राच्या दातानं फोडलाय."

गर्दीत हशा पिकला. आबा लालबुंद झाले. "मुडदे फाडणाऱ्यानं इतिहास शिकवू नये!"

"न्हाई शिकवत. त्याचा पगार सर घेतात."



पुढे पुण्याहून तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनीही भोक ताजंच ठरवलं. वाळू कुणाच्या परवानगीने उपसली, असं महसूलवाले विचारू लागले, तसा फलक गुपचूप उतरला. मी मामांच्या घरी गेलो.

"मामा, चुकलं माझं."

"ठाऊक न्हाई म्हणायला जीभ जड झाली तुमची. आमच्या डाक्टरांचंबी तसंच. काई सापडलं न्हाई, की लिव्हायचं, 'हृदयक्रिया बंद'. अवो, ती समद्यांचीच बंद पडती!"

"मग तो सांगाड्यातला माणूस मेला कशानं?"



"न्हाई सांगता येत. लई बघितलं मी." मग त्यांनी स्वतःच्या जबड्यावर बोट ठेवलं. "हितं, दाढंच्या मुळाशी, हाडाला एक बारीक भोक व्हतं. ते मातर जुनं. पुवानं खाल्लेलं. त्यानंच मेला असं म्हणणार न्हाई मी." त्यांचा आवाज एकदम उतरला. "पर लई दुखलं असंल वो त्याला. घास तरी कसा गिळला असंल?"