स्टिअरिंगखाली चिकटवलेली चिप

व्हिडिओ संपला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरच्या चोराने गाडीचं कुलूप पिळलं, वायरी जोडल्या, तरी इंजिन चालू झालं नाही.

आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गाचे सर म्हणाले, "आजी, आता तुम्ही सांगा."

शहाद्याच्या रस्त्यावर माझं चाव्यांचं दुकान. शिक्षण चौथी. चाळीस वर्षं चाव्या करते, म्हणून हा धडा आला की सर बोलावतात.

मी सांगितलं. नव्या गाडीच्या चावीच्या मुठीत बारीक चिप असते. गाडी तिला ओळखते. ती जवळ नसेल तर इंजिन बंद. याला इमोबिलायझर म्हणतात.

पुढच्या बाकावरची मनीषा उठली. तापीकाठची पोर. बाप पिकअपने केळी वाहतो.

"मंग चोर डायवरच शे ना, आजी? आमनी पिकअप विसरवाडीले चोरी गयी. तो म्हने, मी जेवाले बठेल व्हतू, चावी खिशामा व्हती. मी बापले हाऊच व्हिडिओ मोबाइलवर दखाडा, बापनी पोलिसस्ले दखाडा. तीन दिन व्हयनात, डायवर आत शे."

गाडी गेल्याचं मला माहीत नव्हतं. गाडी मात्र माहीत होती.

तिच्यावर डायव्हर तीन, कंपनीच्या चाव्या दोन. गेल्या वर्षी मनीषाचा बाप दुकानात आला होता. "मावशी, चिपनी चावी महाग पडस. काहीतरी कर." मी एका चावीतली चिप काढली, स्टिअरिंगच्या कव्हराखाली टेपने चिकटवली आणि तीन साध्या चाव्या घासून दिल्या. बरेच मालक असं करून घेतात. चिप कायम गाडीतच, म्हणून त्यानंतर ती गाडी कुलूप पिळेल त्याची होती.

हे मी वर्गातच बोलले.

सर म्हणाले, "आजी, पोरांपुढे नको."

"मग कोणापुढे? माणूस आत आहे."

मनीषाने विचारलं, "बापले माहीत व्हतं?"

"त्यानीच तं कराले लावं."

ती खाली बसली.

बाप गप्प का, ते मी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात सांगायला गेले तेव्हा कळलं. विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकीची चिप गाडीतच होती म्हटलं, की विमा गेला. त्यापेक्षा त्याला डायव्हर आत गेलेला परवडला. टेप माझ्या हातची, तेही मी लिहून दिलं.

चिकटवलेल्या चिपचं डायव्हरला कुणी सांगितलंच नव्हतं. तो सुटला. पण इकडे त्याला कुणी गाडी देईना. तो सुरतेला गेला. पिकअप सापडली नाही, विमा मिळाला नाही. मनीषा वर्गात यायची बंद झाली. सर अजून तोच व्हिडिओ दाखवतात, मला बोलावत नाहीत.

चिप मी अजूनही चिकटवते. मी नाही म्हटलं तर शेजारचा चिकटवेल. फक्त आता त्या गाडीचे सगळे डायव्हर समोर उभे करा म्हणते, त्यांना दाखवूनच चिकटवीन. एवढं ऐकलं की निम्मे मालक गाडी वळवून निघून जातात.