बाबांची झावळी

वाळलेली झावळी जळल्याचा वास आला की मला बाबा गेल्यानंतरचा राखेचा बुधवार, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आठवतो. राजोडीची वाडी विकण्यावरून भांडून मी दोन वर्षं त्यांच्याशी बोललो नव्हतो. ते आजारी पडले तरी गेलो नाही. मग थेट मातीलाच गेलो. त्यानंतर चर्चची पायरी चढायचं तोंडच उरलं नव्हतं. बुधवारच्या आधी आईने भिंतीवरच्या क्रूसामागची झावळी काढून माझ्या हातात दिली. ईस्टरआधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वादित झावळ्या मिळतात; गेल्या वर्षीची ही बाबांनीच विणली होती. "राखेसाठी द्यायचीय. तूच ने." चर्चच्या आवारात पत्र्याच्या डब्यात बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी गावच्या जुन्या झावळ्या जळत होत्या. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "आता कशाला आलास?" मी झावळी आगीत सोडली आणि डोळ्यांत धूर गेला तरी हललो नाही. बुधवारी मात्र रांगेत पहिला उभा राहिलो. फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला. दारात काका पुन्हा आडवे आले, तेव्हा म्हटलं, "काका, या राखेत बाबांची झावळी आहे. देवाने मला हाकललं नाही, तुम्ही कोण हाकलणार?" आजही दर राखेच्या बुधवारी ऑफिसात कुणीतरी सांगतंच, कपाळाला काहीतरी लागलंय. लागू दे. मी पुसत नाही.