रायफलला पॉलिश

मुलुंडला माझं फर्निचर पॉलिशचं दुकान आहे. एकदा एक मावशी वडिलांच्या पलटणीतली जुनी, निकामी केलेली रायफल घेऊन आल्या. लाकडावर सगळे आकडे, शिक्के, ओरखडे. मी पडलो हुशार, लगेच पॉलिश पेपर मारायला घेतला.

मावशींनी मनगटच धरलं. "थांब रे. डाग नाहीत ते, नोकरी आहे तिची."

मग ताठ उभ्या राहून एकेका खुणेवर बोट ठेवलं. "हा पलटणीचा नंबर. हा दुरुस्तीचा शिक्का. हा ओरखडा सरहद्दीवरच्या खंदकातला. बाबांच्या दोस्तांना शोधून शोधून विचारलंय."

मी घासलेला पांढरा पट्टा बघून माझं तोंड उतरलं. मावशींनी त्याच्यावरही बोट ठेवलं.

"आणि हे मुलुंड."

चौथी नापास माणूस मी, पण फौजेच्या रायफलवर माझी खूण आहे.