अविनाशच्या तलवारीवरची काळी रेघ

"क्रॅक आहे. बघ," असं म्हणत अविनाशने त्याची तलवार माझ्या लॅबच्या टेबलावर ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता.

मला बरं वाटलं. आता लपवून काय उपयोग? त्याची तलवार आली तेव्हापासून मी जळत होतो.

धारेजवळून निघून वर चढलेली एक काळी रेघ होती, केसाइतकी बारीक. गिअरला क्रॅक गेली तर गाडी बंद पडते. तलवारीला गेली तर कापताना पातं तुटतं आणि उडालेला तुकडा कुणाच्या अंगात घुसेल ते सांगता येत नाही. म्हणजे क्रॅक असेल तर तलवार भंगारात.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिशिगनमध्ये ट्रॉयजवळ आमची कंपनी मोटारींचे गिअर बनवायची. मी हीट ट्रीटमेंटला मेटलर्जिस्ट होतो. गावाकडे लोहार तापलेल्या विळ्याला पाणी पाजतो, तेच काम मी मोठ्या फर्नेसमध्ये करायचो. फक्त एका विळ्याऐवजी गिअरचे ढीग आणि पाण्याऐवजी तेल. अविनाश पर्चेसिंगमध्ये होता. तोही पुण्याचाच, माझ्यापेक्षा थोडा लहान, आणि बोलण्यात माझ्यापेक्षा खूपच पुढे.

त्याला जपानी पद्धतीच्या तलवारबाजीचा नाद लागला आणि त्याने ओहायोतल्या रे नावाच्या लोहाराकडून तलवार करवून घेतली. शिंप्याने सदऱ्याचं माप घ्यावं तसं रेने त्याची उंची आणि हाताची लांबी मोजून घेतली होती. रविवारी हा बॅकयार्डमध्ये भिजवलेल्या चटयांच्या गुंडाळ्या उभ्या करायचा आणि तलवारीने कापायचा. सोमवारी कॅफेटेरियात त्याच्या टेबलाभोवती गर्दी.

तिथे तो लेक्चर द्यायचा. लोहार पात्याच्या पाठीवर चिकणमातीचा थर देतो, धारेवर पातळ ठेवतो. लालभडक पातं पाण्यात बुडवलं की धार झटकन थंड होऊन कडक होते. मातीखालची पाठ सावकाश थंड होते आणि चिवट राहते. दोन्हींच्या मध्ये ढगांसारखी एक पांढुरकी लाट उमटते. तिला जपानीत हामोन म्हणतात.

अहो, हा माझा विषय! यात माझी डिग्री आहे. मी याच विषयावर तोंड उघडलं की लोक ट्रे उचलायचे. अविनाश बोलायला लागला की आमचा प्लँट मॅनेजर बिल स्वतः जाऊन त्याच्यासाठी कॉफी आणायचा.

मी घरी एकदा विषय काढून पाहिला. आमची सुनंदा म्हणाली, "आधी बेसमेंटची ओल बघा. तलवार घेऊन लढणार आहात कुणाशी?" विषय संपला.

आणि खरं तर नुसत्या अविनाशचा नाही, मला त्या रेचाही हेवा वाटायचा. मुठीच्या आत पात्याचा जो भाग असतो, त्यावर लोहार आपलं नाव कोरतो. मी जन्मभर पोलाद कडक केलं, पण माझ्या गिअरवर पार्ट नंबर असायचा.

काळ्या रेघेची बातमी बिलपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. अविनाशचं ऐकून त्याने स्वतः रेला ऑर्डर दिली होती, दोन मित्रांनाही द्यायला लावली होती. तो लॅबमध्ये आला. मला तो व्हॅस म्हणायचा, वसंत त्याला जमत नसे.

"व्हॅस, तू टेस्ट कर. क्रॅक निघाली तर आमच्या सगळ्यांच्या ऑर्डर्स कॅन्सल."

रेला फोन गेला. तो पिकअप घेऊन हजर झाला. दाढीवाला, जाडजूड माणूस, हातावर भाजल्याचे डाग.

"माझ्या पात्याला क्रॅक नाही," तो मला म्हणाला. "पण तुझी टेस्ट आहे म्हणाली तर मी वाद घालणार नाही. दुकान बंद करीन. या धंद्यात एक पातं फुटलं की दुसरं कोणी विकत घेत नाही."

मी डाय पेनिट्रंट टेस्ट लावली. ही टेस्ट अगदी सोपी असते. धातूवर पातळ लाल रंग लावायचा. कुठे क्रॅक असेल तर रंग आत मुरतो. वरचा रंग पुसून टाकायचा आणि पांढरी पावडर फवारायची. आत मुरलेला लाल रंग पावडरीत शोषला जातो आणि क्रॅक जिथे असेल तिथे लाल रेघ उमटते.

पावडर फवारून आम्ही चौघं पात्यावर वाकून उभे राहिलो. रेने डोळे मिटून घेतले होते. अविनाश नखं खात होता. मी मनात म्हणत होतो, ये, लाल ये.

पावडर पांढरीच राहिली. मी पातं उलटं करून दुसऱ्या बाजूने टेस्ट केली. तिथेही पांढरी.

"क्रॅक नाही," मी म्हणालो. माझा आवाज पडला होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही.

"मग ही रेघ कसली?" बिलने विचारलं.

मी पातं मायक्रोस्कोपखाली धरलं. रेघ वरवरची होती. पोलादाचा पृष्ठभाग खाल्ला गेला होता, जसा ॲसिडने खाल्ला जातो. लॅबमध्ये आम्ही पोलादाची आतली रचना बघण्यासाठी मुद्दाम ॲसिड लावतो, त्याला एचिंग म्हणतात. पण या तलवारीला ॲसिड लावलं कुणी?

रेने मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ सोडवली. मुठीच्या तोंडाशी पात्यावर तांब्याचं एक कडं असतं, तेही काढलं. त्याच्या खाचेत काहीतरी पिवळं वाळून बसलं होतं.

"पॉलिशिंग पेस्ट?" रे म्हणाला. "पण मी अशी वापरत नाही."

"मस्टर्ड?" बिलने विचारलं.

मला मात्र बघताक्षणी कळलं. पिवळ्यात एक लाल कण होता. अगदी तस्साच डाग माझ्या फर्नेसच्या दारावर होता. दर दसऱ्याला मी ऑपरेटरची नजर चुकवून फर्नेसला हळद-कुंकू वाहायचो.

"अव्या," मी मराठीत विचारलं, "तलवारीची पूजा केलीस?"

"खंडेनवमीला केली ना. शस्त्र आहे, करायला नको?"

"आणि लिंबू?"

"कापलं. इथे कोहळा कुठे मिळणार?"

"नंतर पुसलीस?"

"अरे, वाहिलेलं कुंकू लगेच कसं पुसणार यार? तशीच म्यानात ठेवली." मग तो हळूच म्हणाला, "बिलला सांगू नको हं. काहीतरी टेक्निकल सांगून टाक. इन्कन्क्लूझिव्ह वगैरे."

इन्कन्क्लूझिव्ह म्हणजे काहीच ठरवता येत नाही. तेवढ्या शब्दाने अविनाशची लाज राखली गेली असती आणि रेचं दुकान बुडालं असतं.

मी बिलकडे वळलो आणि सगळं सांगितलं. पूजा, हळद, कुंकू, लिंबू. लिंबाचा रस ओघळला, म्यानात ओलसर राहिला, त्याने पोलाद खाल्लं. पातं उत्तम आहे, हीट ट्रीटमेंट मी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात सुंदर आहे. चूक मालकाची आहे. खरं बोलण्यात एवढी मजा मला नोकरीत पुन्हा कधी आली नाही. सांगून झालं आणि मी अविनाशवर सगळे कधी हसतात याची वाट बघत उभा राहिलो.

कुणी हसलं नाही. रेने डोक्यावरची टोपी काढली.

"तू माझ्या पात्याची पूजा केलीस?" त्याने अविनाशला विचारलं. "लोकांनी माझी पाती भिंतीवर टांगली, विमा उतरवला. पूजा कुणीच केली नव्हती." त्याचे डोळे भरून आले होते. डाग तो फुकटात काढून देणार होता.

अविनाशला तेवढंच पुरे होतं. तो खुर्ची ओढून बसला आणि शस्त्रपूजा, सीमोल्लंघन, आपट्याची पानं, सगळं रंगवून सांगू लागला. बिल तल्लीन होऊन ऐकत होता.

"ऑर्डर्स कायम!" बिल म्हणाला. मग त्याने अविनाशच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या वर्षी आपल्या फर्नेसेसचीही पूजा कर ना. त्यांना गरज आहे."

"मी दरवर्षी करतो," मी म्हणालो.

"ग्रेट, व्हॅस. मग तू त्याला मदत कर."

पुढच्या दसऱ्याला माझ्या फर्नेससमोर अविनाश कडक इस्त्रीचा झब्बा घालून उभा होता. पूजेचं ताट मी धरलं होतं. बिल स्वतःची नवी तलवार घेऊन आला होता, म्हणजे आता मला दोघांचा हेवा करायचा होता. रे ओहायोहून मुद्दाम आला होता. लोक फोटो काढत होते.

अविनाशने लिंबू स्टुलावर ठेवलं, तलवार उचलली आणि एकच वार केला. लिंबाचे दोन तुकडे झाले, स्टुलावर ओरखडाही उठला नाही. त्याचा हात इतका तयार असेल असं मला वाटलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, ताट खाली ठेवून.

या प्रकरणातून शिकण्यासारखं एवढंच. पोलादाला लिंबू लागलं तर ते ताबडतोब कोरड्या फडक्याने पुसावं आणि वर तेलाचा हात फिरवावा. कुंकू उतरवल्याबद्दल देव रागावत नाही.

अविनाशला फोटोसाठी जायचं होतं. त्याने तलवार माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "पुसून ठेव रे." मी पुसली. अगदी कोरडी झाली, तरी बराच वेळ पुसत राहिलो.