सतरा नंबरची फळी

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. पण शेडमधले किस्से साठत जातात, आणि मी फारशी बोलत नाही म्हणून ते माझ्याकडेच साठतात.

नाशिकरोडजवळच्या एका शेडमध्ये सत्तर वर्षांपूर्वीचा फर्स्ट क्लासचा झोपायचा डबा उभा आहे. बाबा आणि सलीमचाचा तो म्युझियमसाठी दुरुस्त करतात. सुट्टीत मी मापं लिहून घेते. तपासणीला म्युझियमचे साहेब येणार होते. त्यांची अट एकच: एकही खोटी वस्तू सापडली, तर दारावर खडूने फुली आणि डबा भंगारात.

*

या डब्याला आतून जायला वाटच नाही. प्रत्येक खोलीचं दार थेट प्लॅटफॉर्मवर उघडतं. एकदा चाचा आत असताना त्यांच्या खोलीची कडी अडकली. बाबा शेजारच्याच खोलीत, मध्ये बोटभर लाकूड. तरी त्यांना खाली उतरून चाचांच्या खिडकीला शिडी लावावी लागली. चाचा आतून म्हणाले, "म्हणजे त्या काळी चहासुद्धा पुढच्या स्टेशनवरच!"

*

वरचा बर्थ दोन साखळ्यांवर लटकतो. वजन पेलतंय का बघायला बाबा वर आडवे झाले. चाचा मला म्हणाले, "बेटा, खालून सरक. साखळीवर भरवसा आहे, तुझ्या बाबांच्या जेवणावर नाही."

साखळी करकरली. मी सरकले.

*

जुने मिस्त्री प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलने आपलं नाव लिहायचे. सतरा नंबरवर चाचांच्या वडिलांचं होतं, करीम मिस्त्री. नेमकी तीच फळी काढताना चाचांच्या हातून उभी चिरली.

मग त्यांनी जुन्या सागाची हुबेहूब फळी केली. फक्त मागची बाजू कोरी. बाबांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. "तुझं अक्षर चांगलं आहे." मी 'करीम मिस्त्री' लिहिलं.

*

साहेबांनी सतरा नंबरच उघडायला लावली. नाव वाचलं. मग माझी मापांची वही मागितली आणि अक्षर ताडून बघायला फळीशेजारी धरली. दुसऱ्या हातात खडू होता.

चाचा पुढे झाले. "अब्बांची फळी माझ्या हातून फुटली, साहेब. ही मी केली. पोरीला काही बोलू नका."

साहेबांनी वही मिटून मला परत दिली. "दुरुस्तीला मी कधी नाही म्हटलं? पण करणाऱ्याचं नाव हवं. तुमचं कुठंय?"

खोडरबर माझ्याच कंपासमध्ये होता. चाचांनी स्वतःच्या हाताने 'सलीम मिस्त्री' लिहिलं. साहेबांनी खडू खिशात ठेवला.

बाबा आणि चाचा त्यांना सोडायला बाहेर गेले. फळी अजून उघडीच होती, पेन्सिल माझ्या हातात. कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, मी माझं—

आले, बाबा.